व्हिक्टरमधल्या नाणेवाल्याचं घर



आमच्या घरात एक शिवी होती. म्हणजे बाहेरच्यांना ती शिवी वाटणार नाही, पण आम्हाला पक्की ठाऊक होती. भाजीवाल्याने काटा मारला, रिक्षावाल्याने लांबून फिरवून आणलं, की माझे आजोबा म्हणायचे, "नऊ आणेवाला दिसतोय." पुढे वडील म्हणायला लागले आणि मग मीही. माझ्या मुलीने रुपया-पैसा सोडून दुसरं काही पाहिलेलं नाही, आणा म्हणजे काय ते तिला माहीत नाही, पण तीही म्हणते.

त्यामागची गोष्ट अशी. आम्ही मूळचे अहमदनगर जिल्ह्यातले, आता तीन पिढ्या इंदूरला. १८९९-१९०० च्या दुष्काळात घरातलं धान्य संपलं, तेव्हा माझ्या पणजीने हातातले चांदीचे गोट आणि पायातले वाळे तालुक्याच्या सराफाकडे नेऊन विकले. चांदी तोलायची ती रुपयांनीच. एका पारड्यात दागिना, दुसऱ्यात रुपये. एका रुपयाच्या वजनाची चांदी म्हणजे 'रुपयाभार' चांदी. पणजीच्या डोक्यात हिशेब साधा होता : रुपयाभार चांदी म्हणजे जवळजवळ एक रुपया. सराफाने हातावर ठेवले रुपयाभाराला नऊ आणे. सोळा आण्यांच्या जागी नऊ. आजोबा तेव्हा चार-पाच वर्षांचे होते. आई सराफाच्या पायरीवर बसून रडली, एवढंच त्यांना आठवत होतं. त्या दिवसापासून तो सराफ आमच्या घरात 'नऊ आणेवाला' झाला.

ही गोष्ट जरा बाजूला ठेवा. मी तुम्हाला आता अमेरिकेत नेणार आहे, पण शेवटी याच पायरीवर परत आणीन.

मी बँकेत पस्तीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी कॅशमध्ये. जुन्या नाण्यांचा नाद तिथेच लागला. निवृत्त झाल्यावर मुलीकडे डेन्व्हरला गेलो, सहा महिन्यांच्या मुक्कामाला. तुमच्यापैकी अनेकांनी असा मुक्काम केलेला असेल. पहिला महिना नातवाच्या कौतुकात जातो, दुसऱ्यात बर्फ बघून होतं आणि तिसऱ्यात माणूस खिडकीपाशी बसून कुरिअरवाल्याची वाट बघायला लागतो. अशाच एका दुपारी एका लिलावाच्या कॅटलॉगमध्ये मला हे नाणं दिसलं.

पडद्यावर बघा. नाणं गोल नाही, अष्टकोनी आहे. चांदीचं, एक औंसाचं. एका बाजूला डोंगर. त्यावर काढणाऱ्याचं नाव आहे, जोसेफ लेशर. साल १९००, गाव व्हिक्टर, राज्य कोलोरॅडो. किंमत छापली आहे सव्वा डॉलर. आणि त्यावर एक शब्द आहे, जो मी दुसऱ्या कुठल्याही नाण्यावर वाचलेला नाही : 'रेफरेंडम'. म्हणजे सार्वमत.

नाण्यावर राजाचा चेहरा असतो, देवाचं नाव असतं, किल्ला असतो, सिंह असतो. सार्वमत कशासाठी? आणि सरकारी टांकसाळ सोडून एका खाजगी माणसाने विसाव्या शतकाच्या तोंडावर चांदीचं नाणं काढलंच कसं? नकाशात पाहिलं, तर व्हिक्टर मुलीच्या घरापासून मोटारीने अडीच-तीन तासांवर. मी जेवताना जाहीर केलं, "मला या माणसाचं घर बघायचंय." जावई म्हणाले, "बाबा, पत्ता काय?" मी म्हटलं, "तोच तर शोधायचाय."

आधी गाव कसं आहे ते सांगतो. व्हिक्टर समुद्रसपाटीपासून जवळजवळ तीन हजार मीटर उंचीवर आहे. दोन जिने चढले की आपल्यासारख्याला धाप लागते. शेजारच्या क्रिपल क्रीकला १८९० मध्ये सोनं सापडलं, आणि वूड्स नावाच्या भावांनी इथे प्लॉट पाडून गाव वसवलं. गावातला प्रत्येक प्लॉट म्हणजे सोन्याची खाण, अशी त्यांची जाहिरात होती. बिल्डरची जाहिरात म्हणून आपण हसून सोडून देऊ. पण १८९४ मध्ये तिथे हॉटेलचा पाया खणताना खरंच सोन्याची शीर लागली. हॉटेल राहिलं बाजूला, भर गावात खाण सुरू झाली. तिचं नाव 'गोल्ड कॉइन', सोन्याचं नाणं.

१९०० च्या जनगणनेत गावात जवळजवळ पाच हजार माणसं होती. आज चारशेसुद्धा नाहीत. विटांच्या दुमजली इमारती तशाच उभ्या आहेत. भिंतींवर जुन्या दुकानांची रंगवलेली नावं अजून वाचता येतात. वरच्या डोंगरात मात्र खाणकाम अजून चालू आहे. आता बोगदे नाहीत, सगळा डोंगरच वरून कापत नेतात. आपल्यापैकी कोणी कोलारच्या सोन्याच्या खाणींचं गाव पाहिलं असेल, तर त्यांना व्हिक्टरच्या रस्त्यावर उभं राहिल्यावर ओळखीचं वाटेल. गाव मोठं, माणसं थोडी.

आता मुख्य प्रश्न. सोन्याच्या गावात हा माणूस चांदीचं नाणं का काढत होता?

याचं उत्तर शोधता शोधता मी कुठे पोहोचलो असेन? मुंबईला. फोर्टात, रिझर्व्ह बँकेसमोर जी टांकसाळ आहे, तिथे.

१८९३ पर्यंत आपल्याकडे पद्धत अशी होती की कोणीही माणूस चांदी घेऊन मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या सरकारी टांकसाळीत जाऊ शकत असे. टांकसाळ थोडी पडणावळ कापून घ्यायची आणि त्या चांदीचे रुपये पाडून द्यायची. त्यामुळे रुपयाची किंमत आणि रुपयातल्या चांदीची किंमत जवळजवळ सारखी राहायची. पणजीचा हिशेब इथूनच आला होता, आणि तो बरोबर होता.

पण जगात चांदी स्वस्त होत चालली होती. युरोपातल्या देशांनी एकामागून एक सोन्याचं चलन धरलं, चांदी सोडली. त्याच सुमाराला अमेरिकेतल्या खाणींतून चांदीचा पूर आला. चांदी उतरली की रुपया उतरायचा, आणि भारत सरकारला तर दरवर्षी लंडनला पौंडात पैसे पाठवायचे होते. पेन्शनी, व्याज, फौजेचा खर्च. रुपया उतरला की ते ओझं वाढायचं. मग सरकारने २६ जून १८९३ रोजी कायदा करून दोन्ही टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. यापुढे रुपये पाडायचे ते सरकारनेच, सरकारच्या गरजेप्रमाणे. हेतू हा, की रुपये मोजके राहिले म्हणजे रुपयाची किंमत चांदीपासून सुटेल आणि वर राहील.

भारत हे जगातलं चांदीचं फार मोठं गिऱ्हाईक होतं. त्या गिऱ्हाइकाच्या टांकसाळीने दार लावलं, ही बातमी तारेने पोहोचली आणि न्यूयॉर्कच्या बाजारात चांदीचा भाव काही दिवसांत कोसळला. जून संपायच्या आत कोलोरॅडोतल्या चांदीच्या खाणींना टाळी लागायला लागली. जुलैत डेन्व्हरमधल्या डझनभर बँका बसल्या. अमेरिकन सरकार १८९० च्या कायद्याप्रमाणे दरमहा ठराविक चांदी विकत घेत होतं. तो कायदाही नोव्हेंबर १८९३ मध्ये रद्द झाला. डोंगरातली चांदीची गावं ओस पडली. हजारो माणसं वळकट्या बांधून निघाली, आणि त्यातली बरीच जिथे सोनं निघत होतं तिथे, क्रिपल क्रीक आणि व्हिक्टरकडे आली.

म्हणून या सोन्याच्या गावात चांदीची माणसं होती. सोन्यावर पोट भरत होती, पण मनातून चांदीच्या बाजूची. जोसेफ लेशर त्यांच्यातला एक. १८३८ चा जन्म, मूळचा ओहायोचा. कोलोरॅडोच्या चांदीच्या भागात उमेदीची वर्षं घालवून व्हिक्टरला आलेला. आम्ही त्याला शोधायला लागलो त्या १९०० सालात त्याचं वय होतं बासष्ट. माझ्यासारखंच, निवृत्तीच्या वयात नाद लागलेला माणूस.

त्या वर्षी त्याच्या पक्षाचे दोन पराभव झाले. मार्चमध्ये अमेरिकेने कायदा करून सोन्याचं चलन पक्कं केलं. नोव्हेंबरमध्ये चांदीच्या बाजूने लढणारे विल्यम जेनिंग्ज ब्रायन अध्यक्षपदाची निवडणूक दुसऱ्यांदा हरले. कोलोरॅडोने मतं त्यांनाच दिली होती, पण देशाने दिली नाहीत. आणि त्याच नोव्हेंबरमध्ये लेशरने हे अष्टकोनी नाणं बाहेर काढलं.

त्याचं म्हणणं असं होतं : निवडणूक झाली, ठीक आहे. आता मी चांदी लोकांसमोर ठेवतो. ज्याला पटेल त्याने घ्यावी, ज्याला नको त्याने घेऊ नये. दुकानदाराने गल्ल्यात टाकली तर चांदीला एक मत. म्हणून 'सार्वमत'.

सव्वा डॉलरच का, हेही बघण्यासारखं आहे. अमेरिकेच्या जुन्या कायद्यातला चांदीचा दर औंसाला सुमारे एक डॉलर एकोणतीस सेंट होता. बाजारात चांदी त्या वेळी साठ-पासष्ट सेंटला मिळत होती. म्हणजे लेशरचं नाणं बाजारभावाचं नव्हतंच. चांदीचा भाव जो असायला हवा असं त्याला वाटत होतं, जवळपास त्या भावाचं होतं. तुम्ही म्हणाल, मग ही फसवणूकच झाली की! पण गंमत अशी, की अमेरिकन सरकारच्या स्वतःच्या चांदीच्या डॉलरातली चांदीसुद्धा तेव्हा अर्ध्या डॉलरच्या आसपासच होती. दोघेही विश्वासावर चालत होते. एकामागे सरकार उभं होतं आणि दुसऱ्यामागे व्हिक्टरमधला एक म्हातारा.

खाजगी माणसाने चलनासाठी नाणं पाडणं अमेरिकेत १८६४ च्या कायद्याने गुन्हा होता. म्हणून आकार अष्टकोनी, सरकारी नाण्याशी घोटाळा होऊ नये असा. म्हणून त्याला नाव दिलं 'स्मरणपदक'. गावातला किराणा दुकानदार बमस्टेड याने ही नाणी मालाच्या बदल्यात घ्यायला सुरुवात केली. १९०१ मध्ये लेशरने नाण्याची किंमत एक डॉलरवर आणली आणि त्यावर दुकानदाराचं नाव घालायला जागा ठेवली. मग प्वेब्लो, डेन्व्हर, ग्रँड जंक्शन, शेजारच्या नेब्रास्कातलं होल्ड्रेज, इथल्या दुकानदारांच्या नावाची नाणी निघाली. पुढे हे सगळं थांबलं. लेशर १९१८ मध्ये वारला. फॅरन झर्बे या नाणेसंग्राहकाने लेशर हयात असतानाच त्याची माहिती गोळा करून छापली, म्हणून एवढं तरी आपल्याला कळतं. आज त्यातलं एकेक नाणं हजारो डॉलरला जातं.

आपल्याला हे फार परकं वाटू नये. पेशवाईत सोनारांना परवाने देऊन खाजगी टांकसाळी काढू देत असत. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठ्यांच्या नाण्यांवर आणि टांकसाळींवर निबंध लिहिलाय. पण त्या सोनारांची घरं कुठली, विचारलं तर कोण सांगेल? लेशरचं घर शोधायची खाज मला इथूनही आली. आपल्याकडचं नाही सापडत, तर निदान याचं शोधू.

आता शोध कसा केला ते सांगतो, कारण हे तुम्हालाही करता येईल.

अशा कामात चार प्रकारचे कागद लागतात. पहिला, जनगणनेचा. अमेरिकेच्या १९०० च्या जनगणनेचे मूळ तक्ते आज घरबसल्या बघता येतात. मोजणीदार दारोदार जाऊन लिहायचा : नाव, जन्माचा महिना आणि साल, धंदा, घर स्वतःचं की भाड्याचं, त्यावर कर्ज आहे की नाही. नावं जशी ऐकली तशी लिहिलेली. त्यामुळे एका स्पेलिंगवर अडून बसायचं नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे मोजणीदार ज्या क्रमाने चालला त्या क्रमाने नावं येतात. आपला माणूस सापडला की त्याच्या वरची आणि खालची चार-चार नावंही लिहून घ्यायची. ते शेजारी. आपला माणूस इतर कागदांत हरवला, तर शेजारी सापडतात.

दुसरा कागद, गावाची डिरेक्टरी. टेलिफोन डिरेक्टरी येण्याआधीची. नाव, धंदा, रस्ता. तिसरा, विमा कंपन्यांसाठी काढलेले सॅनबॉर्न नकाशे. आग लागली तर किती नुकसान होईल हे कळावं म्हणून या कंपनीने अमेरिकेतल्या गावांचे घर न् घर दाखवणारे नकाशे काढले होते. लाकडी घर पिवळ्या रंगात, विटांचं गुलाबी, दगडाचं निळं. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ते फुकट खुले केलेत. आणि चौथा कागद म्हणजे जमिनीच्या खरेदीखतांची नोंद. आपल्या सातबाऱ्याच्या फेरफाराची बहीण समजा. विकणाऱ्यांची एक यादी, घेणाऱ्यांची एक यादी, आणि त्यावरून मागे मागे जायचं.

व्हिक्टरच्या बाबतीत दोन अडचणी होत्या. पहिली, २१ ऑगस्ट १८९९ च्या आगीत गावाचा बाजारपेठेचा भाग एका दुपारी जळून गेला आणि काही महिन्यांत विटांनी पुन्हा बांधला गेला. म्हणजे त्याआधीच्या कागदातलं घर आज दिसेलच असं नाही. दुसरी, व्हिक्टर ज्या टेलर काउंटीत आहे, ती काउंटीच १८९९ मध्ये निर्माण झाली. त्याआधीच्या नोंदी शेजारच्या एल पासो काउंटीच्या नावावर, म्हणजे कोलोरॅडो स्प्रिंग्जला. मी इंदूरचा माणूस. संस्थान, मग मध्य भारत, मग मध्य प्रदेश. आमच्याकडे एका घराचे कागद तीन सरकारांच्या शिक्क्यांचे असतात. त्यामुळे याने मी घाबरलो नाही.

पण चूक केली ती दुसरीच.

पहिल्यांदा व्हिक्टरला गेलो तेव्हा आम्ही कॉफी प्यायला थांबलो. तिथे एका वयस्क गृहस्थांशी ओळख झाली. मी लेशरचं नाव काढताच त्यांनी आम्हाला हाताला धरून एका घरासमोर नेलं. विटांचं, दुमजली, पुढे लाकडी कठड्याचा व्हरांडा, मागे डोंगर. म्हणाले, "हेच." मला पटलंच. नाणी काढणाऱ्या माणसाचं घर असंच असणार! मी फोटो काढला, घरासमोर उभं राहून नातवाबरोबरही काढला आणि आमच्या नाणेसंग्राहकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. इंदूर, वडोदरा, हैदराबाद, बेळगाव, सगळीकडचे सभासद. दोन तासांत नव्वद अंगठे. एकाने तर तो फोटो आपल्या व्याख्यानात लावला.

घरी आल्यावर मी सॅनबॉर्न नकाशा उघडला. त्या जागेवर १९०० च्या सुमाराला पिवळा रंग. म्हणजे तिथे लाकडी घर होतं. आत्ता उभं असलेलं विटांचं घर नंतर कधीतरी बांधलेलं. वाटलं, असेल, लेशर आधीच्या लाकडी घरात राहत असेल. मग शेजारी जुळवायला घेतले. एकही जुळेना. जनगणनेतले त्याचे शेजारी डिरेक्टरीत भलत्याच रस्त्यावर राहत होते. रात्री दीड वाजेपर्यंत मी कागद उलटेसुलटे करत होतो, ते घर त्याचंच ठरावं म्हणून. मुलगी पाणी प्यायला उठली, म्हणाली, "बाबा, तुम्ही शोधताय की सिद्ध करताय?"

तुम्हाला सांगतो, पस्तीस वर्षं कॅशमध्ये काढल्यावर मला हे कोणी सांगायला नको होतं. संध्याकाळी रोकड जुळली नाही तर आकडा बदलायचा नसतो, नोटा पुन्हा मोजायच्या असतात. मी सकाळी ग्रुपवर लिहिलं : 'काल टाकलेला फोटो चुकीच्या घराचा आहे. कृपया कोणी पुढे पाठवू नये.' त्याला अंगठे आले चार. आणि मला आजही तो पहिला फोटो अधूनमधून दुसऱ्या ग्रुपवरून येतो. कोणीतरी 'दुर्मिळ माहिती' म्हणून मलाच पाठवतं.

त्या गृहस्थांचा मला राग नाही. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, त्यांनी मला सांगितलं. गावाला आपल्या माणसाचं घर चांगलं असावं असं वाटतं. इमारत जुनी, गोष्ट जुनी, दोन्ही एकमेकांना चिकटतात. फोटो काढण्याआधी पडताळायचं काम माझं होतं.

त्यानंतर मी उलट बाजूने सुरुवात केली. घर विसरलो, शेजारी धरले. त्यांचे प्लॉट डिरेक्टरीवरून नकाशावर मांडले. मोजणीदार कुठून कुठे चालत गेला याची रेघ उमटली. त्या रेघेवर दोन-तीन जागा अशा उरल्या, की तिथे लेशर असू शकतो. मग क्रिपल क्रीकला काउंटीच्या कचेरीत गेलो. तिथल्या बाईंनी न कुरकुरता जाडजूड वह्या काढून दिल्या. घेणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव आलं, प्लॉट आणि ब्लॉकच्या नंबरासकट. तो नंबर माझ्या रेघेवर बसला तेव्हा मी खुर्चीत मागे टेकलो. रोकड जुळल्यावर टेकतो तसा.

तिथे गेलो. आता तुम्ही म्हणाल, फोटो दाखवा. नाही दाखवणार. रस्त्याचं नावही सांगणार नाही. त्या जागी आज माणसं राहतात. त्यांनी लेशरचं नाव सांगून घर घेतलेलं नाही आणि अनोळखी माणसांनी खिडकीतून डोकवावं असं त्यांनी काही केलेलं नाही. मी रस्त्याच्या पलीकडे पाच मिनिटं उभा राहिलो. दृश्य मात्र सांगतो, कारण ते कोणाच्या मालकीचं नाही. समोर डोंगर, खाणीतून उपसलेल्या मातीचे पिवळट-करडे ढिगारे, आणि वारा. व्हिक्टरमध्ये फार वारा असतो. ज्याला बघायचंय त्याने गावातलं लोवेल थॉमस संग्रहालय बघावं, दुकानांच्या इमारती बघाव्यात. बमस्टेडसारख्या दुकानदारांच्या गल्ल्यात हे नाणं पडायचं ते याच गावात.

आणि तिथे उभं असताना मला माझी पणजी आठवली.

बघा, साल तेच. १९००. व्हिक्टरमध्ये एक माणूस हातात औंसभर चांदी घेऊन म्हणतोय, हिची किंमत बाजार सांगतो ती नाही. आणि नगर जिल्ह्यात एक बाई हातात चांदीचे गोट घेऊन सराफाच्या पायरीवर तेच म्हणतेय. दोघांच्याही चांदीचा भाव ज्या कारणांनी पडला, त्यातलं एक मोठं कारण एकच होतं : मुंबईची आणि कलकत्त्याची टांकसाळ बंद करण्याचा २६ जून १८९३ चा निर्णय. त्याने नाणं पाडलं. ती रडली.

मी मुलीच्या घरी येऊन हिशेब मांडला. रुपयाचं वजन एक तोळा, म्हणजे १८० ग्रेन. त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन. १९०० च्या सुमाराला लंडनमध्ये चांदी औंसाला साधारण अठ्ठावीस पेन्स. सरकारने रुपया बांधला होता सोळा पेन्सला. म्हणजे एक पेनी बरोबर एक आणा, हिशेबाला किती सोपं! तर एका रुपयातल्या चांदीची किंमत येते दहा-साडेदहा पेन्स. म्हणजे दहा-साडेदहा आणे.

रुपयाभार चांदीचा बाजारभावच दहा आणे होता. १८९३ च्या आधी पणजीची आई गेली असती तर जवळजवळ रुपया मिळाला असता, कारण टांकसाळ उघडी होती आणि तिथे चांदीचा रुपया होत होता. टांकसाळ बंद झाल्यावर रुपया वर राहिला आणि चांदी खाली गेली. दागिन्याची चांदी, त्यात डाग, त्यात घट, त्यात सराफाची दोन पैशांची कमाई. नऊ आणे.

त्या सराफाने माझ्या पणजीला फसवलं नव्हतं.

त्याने कदाचित शब्दही धड बोलले नसतील. दुष्काळात रोज दहा बाया दागिने घेऊन येत असतील आणि प्रत्येकीला तो तेच सांगत असेल. आणि 'मुंबईत टांकसाळ बंद झाली, म्हणून' हे त्याला तरी कुठे नीट समजावून सांगता आलं असेल? ज्यांनी निर्णय घेतला ते त्या पायरीवर नव्हते. पायरीवर होता तो सराफ. म्हणून शिवी त्याच्या वाट्याला आली आणि आम्ही ती तीन-चार पिढ्या सांभाळली.

मी जसं चुकीच्या घरासमोर उभं राहून फोटो काढला, तसंच आमच्या घराने चुकीच्या दारात उभं राहून शंभर वर्षं शिव्या दिल्या. दोन्ही ठिकाणी कारण एकच. गोष्ट पटण्यासारखी होती आणि कोणी कागद उघडून पाहिला नाही.

यातून सरकारचा निर्णय चूक की बरोबर, हा वाद मी इथे काढत नाही. अर्थशास्त्रज्ञ तो अजून घालतात. मी एवढंच म्हणतो, की निर्णयाची किंमत कोणी मोजली ते बघा. ज्यांची बचत रुपयात होती त्यांचं काही गेलं नाही. ज्यांची बचत हातापायात होती, त्यांचं गेलं. आणि आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरात बचत हातापायातच असायची.

तुमच्यापैकी प्रत्येकाच्या घरात अशी एखादी गोष्ट असणार. कोणीतरी जमीन लाटली, कोणीतरी भाव पाडला, अमुक घर आपलं होतं. मी असं म्हणत नाही की त्या सगळ्या खोट्या आहेत. काही शंभर टक्के खऱ्या असतील. पण एकदा कागद काढा. साल लिहा, त्या सालचा भाव लिहा, शेजारी कोण होते ते लिहा. घरात कोणी ऐंशीच्या पुढचं असेल, तर आजच फोन करा. आणि शोधायला बसलात की अधूनमधून माझ्या मुलीचा प्रश्न स्वतःला विचारा : मी शोधतोय की सिद्ध करतोय?

आम्ही घरात ती शिवी बंद केली. म्हणजे प्रयत्न करतोय. परवा रिक्षावाल्याने मीटरपेक्षा वीस रुपये जास्त मागितले आणि माझ्या तोंडात आलंच, "नऊ आणे..." मग मी थांबलो. त्या अनोळखी सराफाची मनातल्या मनात माफी मागितली.

आणि रिक्षावाल्याशी दुसऱ्या शब्दांत भांडलो.